फरशी वर आली

मी पोटासाठी खोकी पाडते. क्लीव्हलँडजवळच्या एका कारखान्यात माझी प्रयोगशाळा आहे. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर खटका दाबला की झटकन बाजूला होणारी एक फळी, खाली जाड पोलादी पत्रा आणि भोवती मोजमापाची यंत्रं. कुणाचा मिक्सर, कुणाचे दिवे, कुणाची औषधाची बाटली खोक्यात बांधून आमच्याकडे येते. खोकं हलकं असेल तर ते ३० इंचांवरून, म्हणजे ७६ सेंटिमीटरवरून, दहा वेळा पाडायचं. एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहा वेळा सहा बाजूंवर. मग उघडून बघायचं, आतलं शाबूत आहे का. सांगलीच्या मावशीला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून त्यासाठी अमेरिकेला गेलीस होय? आमच्या नातवाच्या हातात दिलं असतंस की."

या नोकरीमुळे गुरुत्वाकर्षण माझ्या डोक्यात पुस्तकातून कमी आणि धप्प आवाजातून जास्त बसलं आहे. पण त्याची गोडी लागली ती दोन विहिरींमुळे.

पहिली विहीर तासगावजवळच्या आमच्या गावची. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मे महिन्यात गावी गेलं की ते आम्हा पोरांना विहिरीच्या काठावर पालथं झोपवायचे, एकेकाच्या हातात खडा द्यायचे आणि स्वतः घड्याळाचा काटा बघत बसायचे. खडा सोडल्यापासून 'डुबुक' ऐकू येईपर्यंत एक सेकंद लागला तर पाणी पाच मीटरवर, दोन सेकंद लागले तर वीस मीटरवर. वेळ दुप्पट झाला की अंतर चौपट. आमच्याकडे विहिरीची खोली मीटरात कुणी मोजत नसे, परसात मोजत. एक परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली, अदमासे सहा फूट. दोन सेकंदांची विहीर म्हणजे अकरा परस. पाऊस ओढ देई त्या वर्षी खडा जास्त वेळ पडत राही, आणि काठावरची मोठी माणसं गप्प होत. पाणी किती खाली गेलं हे आम्हा पोरांना असं सेकंदात कळायचं.

मोठा धोंडा आधी पोचेल की खडा, यावर आमची पैज लागे. अण्णा दोन्ही एकदम सोडायला लावत आणि 'डुबुक' एकच ऐकू येई. मग ते गॅलिलिओचं कोडं घालत. धोंडा भरभर पडतो आणि खडा सावकाश, असं समजा. आता दोघांना सुतळीनं एकत्र बांधा. खडा धोंड्याला मागे ओढेल, म्हणून जोडी धोंड्यापेक्षा सावकाश पडायला हवी. पण जोडीचं वजन धोंड्यापेक्षा जास्त, म्हणून ती आणखी भरभर पडायला हवी. दोन्ही कसं होईल? तेव्हा मुळात समजलं तेच चूक. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट खरी असो वा दंतकथा, हे कोडं गॅलिलिओच्या १६३८ सालच्या पुस्तकात आहे आणि मला ते मनोऱ्यापेक्षा जास्त आवडतं. त्याला मनोरा लागला नाही, सुतळी पुरली.

दुसरी विहीर क्लीव्हलँडची. इथल्या विमानतळाला लागूनच नासाचं ग्लेन संशोधन केंद्र आहे. भारतातून येणाऱ्या आईवडिलांना आणायला निघालेला इथला प्रत्येक मराठी माणूस त्या बाजूनं गेलेला असतो, पण जमिनीखाली काय आहे हे फारच थोड्यांना माहीत असतं. तिथे १५५ मीटर खोल, काँक्रीटनं बांधलेली विहीर आहे. १९६६ पासून ती वापरात आहे. तिच्या आत पोलादी नळकांडं आहे आणि त्यातली जवळजवळ सगळी हवा पंपानं उपसून काढतात. मग वरून एक अवजड पेटी सोडतात. पेटी १३२ मीटर पडते आणि तिला लागतात ५.१८ सेकंद. १३२ मीटर म्हणजे अण्णांच्या हिशेबानं बरोबर बहात्तर परस. मी ती विहीर बघायला गेले तेव्हा काठावरच्या कठड्याला धरून पहिल्यांदा हाच भागाकार केला.

एवढा खटाटोप पाच सेकंदांसाठी. पण त्या पाच सेकंदांत पेटीच्या आत वजन नावाची गोष्ट नसते. पेटीत मेणबत्तीसारखी ज्योत पेटवलेली असेल तर ती निमुळती राहत नाही, गोल होते, कारण गरम हवेला 'वर' कुठे जायचं हेच कळत नाही. अंतराळयानात आग लागली तर ती कशी पसरेल, टाकीतलं इंधन कुठे जाऊन चिकटेल, हे सगळं आधी इथे बघतात.

इथे एक गैरसमज मोडायला हवा, कारण तो आमच्या मंडळातल्या भल्याभल्या इंजिनिअरांच्या तोंडून ऐकला आहे. अंतराळस्थानकात माणसं तरंगतात ती तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून नव्हे. स्थानक जमिनीपासून अवघं ४०० किलोमीटर वर आहे, सांगली ते मुंबईपेक्षा थोडंसंच लांब. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ८९ टक्के असते. माणसं तरंगतात कारण ती स्थानकासकट सतत पडत असतात. फक्त आडव्या दिशेनं इतकी वेगात, की पृथ्वीचा गोलावा त्यांच्या खालून सरकत राहतो आणि जमीन काही येत नाही. तळ नसलेली विहीर म्हणा.

ओढ सगळीकडे सारखी नसते, याचा दाखला माझ्या दिवाणखान्यातच आहे. अण्णा गेल्यावर त्यांचं लंबकाचं घड्याळ मी इकडे आणलं. सांगलीत ते बरोबर चालायचं. इथे आल्यावर रोज दीड मिनिट पुढे जायला लागलं. पृथ्वी विषुववृत्ताशी थोडी फुगलेली आहे आणि तिथे तिची गिरकीही जोराची, त्यामुळे उत्तरेकडे जावं तशी ओढ किंचित वाढते. सांगलीत सुमारे ९.७८ आणि क्लीव्हलँडमध्ये ९.८०. फरक हजारात दोनाचा, पण लंबकाला तेवढा पुरतो. घड्याळाचा लंबक वीतभर. खालची चक्री फिरवून तो अर्धा मिलिमीटर खाली घेतला आणि घड्याळ ताळ्यावर आलं. याच हिशेबानं सत्तर किलोचा माणूस सांगलीहून इथे आला की स्प्रिंगच्या काट्यावर सुमारे १४० ग्रॅमनी जड भरतो. बाकीच्या वाढीला चीज जबाबदार.

आता भास्कराचार्य. दर महिन्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतंच, की न्यूटनच्या आधी पाचशे वर्षं आपल्याकडे गुरुत्वाकर्षण माहीत होतं. ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीला आकर्षणशक्ती असल्याचं म्हटलं आहे, हे खरंच आहे. खडा किती वेळात किती पडतो याचं माप मात्र तिथे नाही, आणि न्यूटनचं काम त्या मापातून उभं राहिलं. पण त्याच ठिकाणी भास्कराचार्य दोन गोष्टी म्हणतात त्या कुणी पुढे पाठवत नाही. एक, पृथ्वीनं ओढलेली वस्तू पडते आहे असं 'वाटतं'. आणि दुसरं, चहूबाजूंनी सारखंच आकाश असताना पृथ्वी स्वतः कुठे पडणार? माझ्या मते अभिमान या प्रश्नाचा वाटावा.

तर असं हे माझं पडण्याशी असलेलं जुनं आणि मजेचं नातं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत रात्री अकराला सांगलीहून फोन आला. तिथे सकाळ होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "घाबरू नकोस, आई न्हाणीघरात पडलीय. शुद्धीत आहे. पण उठता येत नाही."

खुब्याचं हाड मोडलं होतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी. क्लीव्हलँड ते न्यूअर्क, न्यूअर्क ते मुंबई, मुंबईहून गाडीनं सांगली, दारापासून दारापर्यंत तीस तास. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांना मी काय सांगणार, आणि ज्यांनी केलेला नाही त्यांच्यावर वेळ न येवो. काकू रुग्णालयात बसलेल्या, मामेभाऊ कोल्हापूरहून निघालेला, आणि मी अटलांटिकवर, समोरच्या पडद्यावरचं छोटं विमान बघत.

झोप येईना तेव्हा मी कागदी रुमालावर हिशेब मांडला. माझ्या धंद्यात दुसरं येत नाही. आई पाच फुटांची, तिचा खुबा जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर. ८० सेंटिमीटर पडायला ०.४ सेकंद लागतात. वेग होतो सेकंदाला चार मीटर, म्हणजे ताशी चौदा किलोमीटर. सायकलवरून आरामात जाणाऱ्या माणसाचा वेग. आणि मला तिच्यापर्यंत पोचायला तीस तास. भाग दिला, तर पावणेतीन लाख पट आले. हा आकडा कशाच्याही उपयोगाचा नव्हता, तरी तो मी दोनदा तपासला.

त्याखाली मी आमच्या प्रयोगशाळेतला रोजचा भागाकार लिहिला. पडणारी वस्तू किती मार खाते, हे ढोबळमानानं एका साध्या अपूर्णांकावर ठरतं. वर पडण्याची उंची, खाली थांबायला मिळालेलं अंतर. खोकं ७६ सेंटिमीटर पडलं आणि आतला फोम दोन सेंटिमीटर दबून थांबलं, तर ७६ भागिले २, म्हणजे ३८. आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या अडतीसपट जोर आला. आम्ही याला ३८ जी म्हणतो. पोलादी पत्रा तोच, उंची तीच. फोम चार सेंटिमीटर दबला तर तोच आकडा १९ वर येतो. मी पगार घेते तो या खालच्या आकड्यासाठी. वरचा माझ्या हातात नसतो.

नासाच्या विहिरीच्या तळाशी पांढऱ्या फोमच्या बारीक मण्यांनी भरलेलं मोठं पिंप असतं. पेटी ताशी १८० किलोमीटरच्या वेगानं त्यात घुसते आणि पावणेचार मीटर आत जाऊन थांबते. १३२ भागिले पावणेचार, म्हणजे ३५. पेटी शाबूत बाहेर येते, पुन्हा वर नेतात, पुन्हा पाडतात.

आणि आई? खुब्यावरचं मांस, कातडी, साडीच्या चार घड्या मिळून सव्वादोन सेंटिमीटर दबले असं धरलं, तर ८० भागिले सव्वादोन. ३५. माणूस काही दगडासारखा सरळ पडत नाही, गुडघा वाकतो, हात पुढे जातो, तेव्हा खरा आकडा थोडा कमी असेल. पण बहात्तर परस विहीर आणि न्हाणीघरातली फरशी एकाच उत्तरावर आली होती. तो रुमाल मी घडी करून पासपोर्टात ठेवला.

शस्त्रक्रिया मी पोचायच्या आधी झाली. आई पलंगावर लहान दिसत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "जेवलीस का वाटेत?" मग संध्याकाळी, वॉर्डातली गर्दी पांगल्यावर, मी विचारलं, कशी पडलीस गं?

"पडले कुठं मी?" आई म्हणाली. "काय कळलंच नाही बघ. अंग हलकं झालं, आणि फरशीच वर आली."

मी तिच्याकडे बघत राहिले. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत कारकुनी करणाऱ्या आइनस्टाइनला हाच विचार सुचला होता, की घरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवणार नाही. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा विचार असं तो पुढे त्याबद्दल म्हणाला, आणि त्यातून आठ वर्षांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त उभा राहिला. आपण खुर्चीत बसलो असताना जे वजन जाणवतं ती पृथ्वीची ओढ नसतेच. ओढ जाणवायला आपल्याकडे इंद्रिय नाही. जाणवतो तो खुर्चीचा खालून येणारा रेटा. माझ्या खोक्यांत बसवलेलं यंत्रही हेच सांगतं. खोकं फळीवर असताना ते १ जी दाखवतं, वरच्या दिशेनं. फळी निसटली की शून्य. आणि मग फरशी येते तेव्हा कागदावर एकदम सुळका. आइनस्टाइनच्या हिशेबानं पडणारा माणूस निवांत असतो आणि त्वरणानं येते ती जमीन. आईनं भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं असेल तर ते अण्णांच्या टेबलावरची धूळ पुसायला.

मी तिला क्लीव्हलँडच्या विहिरीची गोष्ट सांगितली. तिनं नीट ऐकून घेतली.

"बहात्तर परस? आणि पाणी?"

"पाणी नाही. हवासुद्धा काढून टाकतात."

"मग कशाला एवढी खणली बाई," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उभं करा. नातेवाइकांत यावर एकच गलका झाला. या वयात? टाके ओले असताना? पूर्वी बायका दीड-दोन महिने पाठ टेकून असायच्या, कुणीतरी म्हणालं. पूर्वी त्यातल्या किती बायका पुन्हा उठायच्या, हे कुणी म्हणालं नाही. मी डॉक्टरांच्या बाजूची होते, त्याचं कारणही त्याच तळ नसलेल्या विहिरीत आहे. अंतराळस्थानकात महिनोन्‌महिने राहणाऱ्या तरुण, धडधाकट माणसांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं. ज्या हाडाला खालून रेटा येत नाही ते हाड शरीर हळूहळू मोडीत काढतं. म्हणून ते लोक तिथे रोज दोन-दोन तास पट्ट्यांनी स्वतःला बांधून पळतात आणि वजनं ओढतात, खोटी का होईना, जमीन तयार करतात. पलंगावर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अंतराळवीरासारखंच होतं, फक्त खिडकीतून पृथ्वी दिसत नाही. ज्या फरशीनं हाड मोडलं तिच्यावरच पाय रोवायला हवा होता.

हे सगळं मला पाठ होतं. तरी वॉकर तिच्या हातात देऊन मी समोर उभी राहिले तेव्हा माझ्या मनात फक्त ०.४ सेकंद होते. फिजिओथेरपिस्ट पोरगी विशीतली, मिरजेची. ती मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही घाबरलाय ते त्यांना दिसतंय." मी दाराबाहेर गेले. आत आईचा आवाज, "आता कुठला पाय?" आणि मग वॉकरचे रबरी पाय टेकल्याचा ठप.

तीन आठवडे रजा होती. त्यात मी अपूर्णांक सोडवायला घेतला. न्हाणीघरातल्या आरशासारख्या गुळगुळीत फरश्या, ज्या बांधणाऱ्यानं फुकट दिल्याच्या थाटात बसवल्या होत्या, त्या उखडून खरबरीत घातल्या. भिंतीला दांड्या लावल्या. रात्रीचा दिवा, पायाला धरून राहणाऱ्या चपला. पायपुसणी केराच्या टोपलीत गेली. त्यातलं एक आईनं पुन्हा बाहेर काढलं, कारण ते तिनं स्वतः विणलं होतं. ते आता भिंतीवर आहे. खुब्यांवर बांधायच्या फोमच्या गाद्या मिळतात, त्याही मी मागवल्या. छेदातली एवढी मोठी वाढ, एवढ्या स्वस्तात! आईनं त्या उलटसुलट करून बघितल्या.

"मी काय मिक्सर आहे?" ती म्हणाली. गाद्या अजून कपाटात आहेत.

मोठा प्रश्न निघायच्या दोन दिवस आधी आला. मी म्हटलं, आता तू माझ्याकडेच चल. म्हणताना मलाही ठाऊक होतं, की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पाहुणी म्हणून आलेल्या माणसाचा आरोग्यविमा मोडलेल्या खुब्याचं नाव काढताच हात वर करतो, मी दिवसभर कारखान्यात असते, आणि आमच्या घरात तिला दार उघडून हाक मारता येईल असं शेजारी कुणी नाही. सांगलीत तिचा आवाज आला नाही म्हणून काकूंनी पंधरा मिनिटांत दार ठोठावलं होतं. क्लीव्हलँडमध्ये तो आवाज आला नाही हे कुणाला कळलं असतं? आईनं यातलं काहीच काढलं नाही. ती दोनदा हिवाळ्यात इकडे राहून गेली आहे. "तुमचं तर सगळं गावच न्हाणीघर होतं की डिसेंबरात," एवढंच म्हणाली.

मी परत आले. मनगटावर बांधलं की पडल्याचं ओळखून फोन लावणारं घड्याळ तिला पाठवलं आहे. त्याच्या पोटात माझ्या खोक्यांतल्यासारखंच यंत्र असतं, शून्य आणि मागोमाग सुळका दिसला की ते जागं होतं. पहिल्या महिन्यात त्यानं मला मध्यरात्री दोनदा उठवलं, दोन्ही वेळा आई कणीक तिंबत होती. आता ती कणीक मळताना ते काढून ठेवते आणि घालायला विसरते, म्हणून काकूंच्या हाकेवरच माझी जास्त भिस्त आहे.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मी फोन लावला तर वाऱ्याचा आवाज येत होता. म्हटलं, कुठे आहेस? तर गच्चीवर. सांडगे घातले होते, राखायला बसली होती. जिन्याला चोवीस पायऱ्या आहेत. मी विचारलं, काठी घेतलीस ना?

"घेतलीय की," आई म्हणाली. "तिनंच तर कावळे हाकलतेय."